‘पडलं’ म्हटलं की हलायचं नाही

आमच्या घरात एक नियम आहे. आजोबा ‘पडलं’ म्हणाले की जो जिथे असेल त्याने तिथेच थांबायचं. पाऊल उचललेलं असेल तर उचललेलंच ठेवायचं. हात वर असेल तर वर. आजोबा ‘सापडलं’ म्हणेपर्यंत हलायचं नाही. असं का, हे विचारायचं नाही, हाही नियमच; पण तो कुणी बोलून दाखवत नाही, नुसते बघतात.

कारण तसं साधं आहे. आजोबा, बाबा आणि काका तिघेही घड्याळजी. वेगळं दुकान नाही. घराची पुढची खोली हेच दुकान. खिडकीखाली ओळीने तीन टेबलं, प्रत्येकावर एक दिवा, आणि भिंतींवर दुरुस्तीला आलेली एकतीस घड्याळं, ज्यांचं एकमेकांशी अजिबात पटत नाही. (घरच्या माणसांत राहून राहून तीही तशीच झाली आहेत.) मनगटी घड्याळाचा स्क्रू खसखशीच्या दाण्याएवढा असतो. तो चिमट्यातून उडाला आणि कुणाच्या चपलेला लागला, तर चपलेबरोबर गावभर फिरून येतो किंवा येतच नाही. म्हणून थांबायचं. इथपर्यंत मलाही मान्य आहे. माझा प्रश्न एवढाच, की किती वेळ?

सातवीत असताना मी हे विचारलं होतं.

“सापडेपर्यंत,” बाबा म्हणाले.

“आणि सापडलंच नाही तर?”

“असले प्रश्न शाळेत शिकवतात का तुला?”

आजवर सापडलं नाही असं झालेलं नाही, हे खरं. पण त्यापायी आईचं दूध किती वेळा उतू गेलं याचा हिशोब नाही. मीटर बघायला येणारा माणूस एकदा उंबरठ्यावर पाऊण तास एका पायावर उभा राहिला. तेव्हापासून तो रस्त्यावरूनच आमच्या घराकडे बघतो आणि अंदाजाने आकडा लिहितो. माझा बारावीचा निकाल मैत्रिणीने खिडकीतून ओरडून सांगितला, कारण मी खोलीच्या मधोमध एक हात कपाटाच्या कडीला लावून उभी होते. पास झाल्याचा आनंद मी त्याच अवस्थेत साजरा केला. म्हणजे भुवया उडवून.

तर असं घर. आता माझ्याबद्दल. मी पदवी घेतली, खेळ शिकवण्याचा वर्षाचा कोर्स केला, आणि चार गल्ल्या सोडून असलेल्या शाळेत मला एका महिन्यासाठी नोकरी मिळाली. तिथले खेळाचे सर जिन्यावरून पडून पायाचा घोटा मोडून बसले होते. (विद्यार्थ्यांना ‘जिन्यात धावू नका’ असं सांगायला ते धावत निघाले होते.) सर परत येणार नव्हते, आणि महिन्यानंतर मला कायम करायचं की नाही ते मुख्याध्यापिका ठरवणार होत्या.

घरात या नोकरीला कुणी नोकरी म्हणत नव्हतं.

“मुलांच्या अंगावर चेंडू मारायला पदवी कशाला लागते ग?” काका विचारायचे.

“अंगावर मारायला नाही लागत. चुकवायला शिकवायला लागते.”

“महिना संपू दे,” बाबा समजुतीने म्हणायचे. “मग खिडकीखाली चौथं टेबल लावू. तुझी नजर चांगली आहे, हातही स्थिर आहे.”

हे नुसतं बोलणं नव्हतं. सुतार येऊन माप घेऊन गेला होता. खिडकीखाली, काकांच्या टेबलाच्या पलीकडे, खडूने एक चौकोन आखलेला होता, आणि रोज सकाळी झाडताना आई त्या चौकोनाला वळसा घालून झाडायची. त्या चौकोनात बसलेली मी मला दिसायची. डोळ्याला भिंग, पाठीत पोक, आणि ‘पडलं’ म्हणायचा अधिकार यायला अजून तीस वर्षं.

म्हणून शनिवारची मॅच. दुसऱ्या शाळेच्या मैदानावर, दुपारी चार वाजता, डॉजबॉल. खेळ सोपा आहे. मधे एक रेघ, दोन्हीकडे सहा-सहा मुलं, चेंडू फेकून समोरच्याला टिपायचं. ज्याला लागला तो बाद, पण त्याने झेलला तर फेकणारा बाद. ठरलेली वेळ संपली की ज्यांची जास्त मुलं उरली, डाव त्यांचा. मी मुलांना तीन आठवडे एकच वाक्य शिकवलं होतं: “थांबला तो मेला.” (घरी मी उलटं वाक्य ऐकत वाढले, हे त्यांना सांगायची गरज नव्हती.)

मुख्याध्यापिकांची अपेक्षा फार नव्हती. गेल्या वर्षी आमच्या शाळेचा संघ भलत्याच मैदानावर जाऊन दोन तास वाट बघत बसला होता आणि न खेळताच हरला होता.

“जिंकला नाहीत तरी चालेल,” त्या मला म्हणाल्या. “फक्त वेळेवर पोचा. चार वाजता सुरू, दहा मिनिटं पंच वाट बघतात. गेल्या वर्षीसारखं झालं, तर मग मी तरी कोणत्या तोंडाने तुमचं नाव पुढे करू?”

म्हणजे माझी सगळी नोकरी, सगळं आयुष्य, तो खडूचा चौकोन, हे सगळं चार वाजून दहा मिनिटांवर येऊन टेकलं होतं. आणि पोचायचं होतं फक्त चालत पंधरा मिनिटांच्या अंतरावर. एवढं कुणालाही जमलं असतं.

पाहुण्या संघाने चेंडू आणायचा असं ठरलं होतं. शनिवारी सकाळी शाळेतून चेंडू घेतला तर तो मऊ. कुंपणाच्या काट्याने बारीकसं भोक पडलं होतं. आता शहाण्या माणसाने सायकलवाल्याकडे जाऊन पंक्चर काढून घेतलं असतं. पण मी विचार केला, आजोबांच्या टेबलावर रबराचं सोल्यूशन आहे, घरी हवेचा पंप आहे, आणि आमचं घर मैदानाच्या वाटेवरच आहे. मुलांना मी सांगितलं, “शाळेत नको, तीन वाजता थेट माझ्या घरी या. तिथूनच जाऊ.”

एवढाच निर्णय. त्यात माझ्या मते कुठेही खोट नव्हती.

तीनला पाच कमी असताना मी ठिगळ लावलं. थोडं जास्तच सोल्यूशन लागलं. ठिगळाच्या चहूबाजूंनी ते ओघळलं. ट्यूबवर लिहिलं होतं, पंधरा मिनिटं हात लावू नये. हवा भरून मी चेंडू दोन्ही हातांनी पोटाशी धरला, ओलं ठिगळ माझ्या नव्या कुर्त्याला लागू नये म्हणून बाहेरच्या बाजूला, आणि आजोबांच्या टेबलाजवळ उभी राहिले. टेबलावर बँकेतल्या साहेबांचं घड्याळ उघडं होतं. साहेबही आले होते. उंच, जाड, घामेजलेले.

“बसा साहेब, पाच मिनिटांचं काम आहे,” काका म्हणाले.

तेवढ्यात मुलं आली. सहा. सगळ्यात पुढे कॅप्टन, अकरा वर्षांची, काडीसारखी, जी ‘पाणी हवंय’ हेही हुकूम दिल्यासारखं सांगते. तिच्यामागे भिंगरी, जिचे पाय झोपेतही चालत असावेत. मग तीन भावंडं, दिसायला इतकी सारखी की पंचांनाही बाद कोण ते कळत नाही. आणि शेवटी शंका, ज्याला हे नाव त्याच्या वर्गशिक्षिकेने दिलं, कारण तो हात खाली करतच नाही. आई पाण्याच्या पेल्यांचा ट्रे घेऊन स्वयंपाकघरातून निघाली. साहेब खुर्चीवर बसायला लागले.

“पडलं,” आजोबा म्हणाले.

एका क्षणात घर थांबलं. आई उंबरठ्यावर, एक पाय अलीकडे, एक पलीकडे, हातात ट्रे. बाबा कपाटातून काहीतरी काढायला वाकलेले, ते वाकलेलेच. काका स्टुलावर बसलेले, ते नशीबवान. मुलं दारातून आत तीन-चार पावलं आलेली. आणि साहेब, नेहमीचं गिऱ्हाईक असल्यामुळे त्यांना नियम ठाऊक होता, ते बसण्याच्या आणि उभं राहण्याच्या मधोमध अडकलेले.

“कुणी हलायचं नाही,” बाबा कपाटात तोंड घालूनच म्हणाले.

मुलांना आधी मजा वाटली. तिन्ही भावंडांनी मुद्दाम वेडेवाकडे आविर्भाव घेतले. भिंगरीने एक पाय वर उचलला (पुढच्या पाचच मिनिटांत तिला त्याचा पश्चात्ताप झाला). शंकाने हात वर केला, पण तो नेहमीचाच.

आजोबा शांतपणे खाली उतरले. शोधण्याचा अधिकार फक्त त्यांचा. डोळ्याला भिंग, हातात दाढीचा जुना ब्रश, खिशात खडू. दाराच्या कोपऱ्यापासून सुरुवात. एक फरशी चारी बाजूंनी हलक्या हाताने ब्रशने पुसायची, भिंगातून बघायची, काही नसेल तर तिच्यावर खडूचं एक टिंब काढायचं आणि पुढच्या फरशीवर जायचं. मी लहानपणापासून या खोलीत इतके तास उभी राहिले आहे की मला फरशा पाठ आहेत. बारा गुणिले नऊ. एकशेआठ. एका फरशीला अर्धं मिनिट. म्हणजे चोपन्न मिनिटं, मधे त्यांना खोकला आला नाही तर.

मी हिशोब करायला लागले. आता साधारण तीन दहा झाले असावेत. असावेत, कारण भिंतीवरच्या एकतीस घड्याळांत एकतीस वेळा होत्या. एकात सव्वाअकरा, एकात पावणेसहा, एकात दोन्ही काटे खाली लोंबत होते. खोलीतलं एकमेव बरोबर चालणारं घड्याळ आजोबांच्या टेबलावर उघडं पडलं होतं, स्क्रूविना. माझ्या खिशात मोबाइल होता, पण मोबाइल काढायला हात लागतो.

“ताई, किती वाजले?” कॅप्टनने ओठ न हलवता विचारलं.

“वेळ आहे.”

“म्हणजे किती वाजले?”

“म्हणजे वेळ आहे.”

आठ फरशा झाल्या. मग मुलांच्या पायांखालच्या. आजोबा प्रत्येक मुलासमोर बसायचे, म्हणायचे, “पाय वर,” बुटाचा तळ भिंगातून नीट बघायचे, आणि पाय होता तिथेच तंतोतंत परत ठेवायला लावायचे. शंकाच्या एका बुटाखाली च्युइंगम निघालं, दुसऱ्याखाली टाचणी, पेन्सिलीची टोकं आणि एक दात.

“हा कुणाचा?” आजोबांनी विचारलं.

“माझाच. मी शोधत होतो.”

आजोबांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच कौतुक दिसलं. “बघा,” ते कुणालाही उद्देशून नसल्यासारखे म्हणाले, “शोधलं की सापडतं.”

“ताई,” भिंगरी कुजबुजली. ती माझ्या बरोबर समोर उभी होती. “चेंडूवर काहीतरी...”

“शू,” कपाटातून बाबांचा आवाज आला.

ती गप्प बसली. खोलीत फक्त टिकटिक. एकतीस घड्याळांतली एकोणीस चालू, प्रत्येकाची चाल वेगळी. ऐकणाऱ्याच्या छातीत धडधड सुरू व्हावी असा तो आवाज. साहेबांच्या कपाळावरचा घाम नाकाच्या शेंड्यापर्यंत आला होता.

“साहेब, तुम्ही खाली जाताय,” काकांनी बसल्या जागेवरून सांगितलं.

“मी नाही जात. गुडघे जातायत.”

“थोडं वर राहा. खुर्चीच्या पायापाशी बघायचंय अजून.”

साहेब कण्हत दोन बोटं वर आले. बँकेत म्हणे त्यांच्यासमोर कुणी बसत नाही. आमच्याकडे त्यांनाच बसता येत नव्हतं.

आई ट्रे घेऊन उभी होती. मुलं त्या पाण्याकडे अशी बघत होती की मला बघवत नव्हतं. मी म्हणाले, “आजोबा, मुलांना फक्त पाणी तरी...”

“थेंब सांडला तर स्क्रू वाहून जाईल,” काका म्हणाले.

“पेल्यातल्या थेंबाने?”

“तुला अनुभव नाही.”

पस्तिसाव्या फरशीवर आजोबांना खोकला आला. मी मनात दोन मिनिटं वजा केली. बावन्नाव्या फरशीवर त्यांना एक स्क्रू सापडला. त्यांनी तो बोटाच्या टोकावर घेतला, दिव्याकडे धरला.

“हा तो नव्हे,” ते म्हणाले. “हा दोन वर्षांपूर्वीचा.” आणि खूश होऊन तो खिशात टाकला.

म्हणजे दोन वर्षांपूर्वी एक पडला होता आणि सापडला नव्हता. बाबांना हे कळलं असावं, कारण कपाट एकदम फारच शांत झालं. पण मला भांडायलाही वेळ नव्हता.

आणि मग कोंबडा आरवला.

माझ्या खिशात. मी मोबाइलवर ‘निघा’ असा गजर लावून ठेवला होता, पावणेचारचा, कोंबड्याच्या आवाजात, कारण मला दुसऱ्या कुठल्याच आवाजाने जाग येत नाही. तो मिनिटभर आरवत राहिला.

“घरात कोंबडा कुणी आणला?” आजोबांनी टेबलाखालून विचारलं.

“पावणेचार झाले,” मी म्हणाले. “आजोबा, आम्हाला चारला पोचायचंय. दहा मिनिटं वर मिळतात, पण...”

“मग वेळ आहे की.”

“चालत पंधरा मिनिटं लागतात. पंचावन्नला निघायलाच हवं. अगदी धावत गेलो तर चारला.”

“मुलांनी रस्त्यावर धावू नये,” बाबा म्हणाले.

“नवव्या ओळीपर्यंत जाऊ दे,” काका म्हणाले. “बहुतेक स्क्रू नवव्या ओळीतच असतात.”

“मग नवव्या ओळीपासून सुरुवात का नाही केली?”

यावर काका माझ्याकडे अशा नजरेने बघू लागले, जणू त्यांनी खडूच्या चौकोनात बसलेली मी आधीच बघून ठेवली होती आणि ती त्यांना पसंत पडली नव्हती.

“आजोबा,” भिंगरी मोठ्याने म्हणाली, “चेंडूला काहीतरी...”

“बाळा,” काका म्हणाले, “मोठी माणसं शोधतायत ना?”

एकसष्ट. बासष्ट. कोंबडा पुन्हा आरवला. तीन पन्नास. माझे हात खांद्यापासून बधिर झाले होते. चेंडू धरलाय की चेंडूने मला धरलंय ते कळत नव्हतं. मी डोक्यात मांडत होते: उरलेल्या फरशा सेहेचाळीस, अर्ध्या मिनिटाने तेवीस मिनिटं, म्हणजे चार तेरा, म्हणजे गेलं. आजोबांनी दोन फरशा एकदम घेतल्या तर? घेणार नाहीत. मुलांना खिडकीतून बाहेर काढलं तर? खिडकीखाली टेबलं. मुख्याध्यापिकांना फोन? हात.

“ताई,” भिंगरी आता रडकुंडीला आली होती, “ताई, ऐक ना, चेंडूला...”

“भिंगरी, गप्प बस ग जरा, मला हिशोब करू दे,” मी खेकसले.

(हो, मीच. ‘मोठी माणसं लहानांचं ऐकत नाहीत’ या विषयावर कॉलेजात वक्तृत्वाचं पहिलं बक्षीस घेतलेली.)

भिंगरीने तो पाय, जो तिने चाळीस मिनिटांपूर्वी हौसेने वर उचलला होता, तो अजूनही वरच ठेवला होता. मी सांगितलं होतं म्हणून नाही. खोलीतल्या सगळ्यांनी सांगितलं होतं म्हणून.

सत्तर. एकाहत्तर. तिसऱ्यांदा कोंबडा. तीन पंचावन्न.

“भिंगरी,” कॅप्टन म्हणाली. ती दारापाशी उभी होती, तिला चेंडूची समोरची बाजू दिसत नव्हती. “काय दिसतंय तुला? बोल. मी सांगतेय, बोल.”

“चेंडूला काहीतरी चमकणारं चिकटलंय,” भिंगरी म्हणाली. “मगापासून.”

आजोबा टेबलाखालून मागे वळले. उठले नाहीत, तसेच गुडघ्यांवर माझ्यापर्यंत आले. भिंग माझ्या पोटाशी आलं. त्यांचा श्वास चेंडूवर पडत होता. ओघळलेल्या सोल्यूशनमधे, ठिगळाच्या अगदी कडेला, खसखशीच्या दाण्याएवढं काहीतरी रुतलं होतं.

“सापडलं,” ते म्हणाले.

साहेब खुर्चीत कोसळले. खुर्ची कुरकुरली, पण टिकली. आईने ट्रे पुढे केला आणि मुलांनी पेले असे रिकामे केले की जणू मॅच संपवूनच आली आहेत. बाबा कपाटातून सरळ झाले, हळूहळू, टप्प्याटप्प्याने. आजोबांनी चेंडू माझ्या हातातून अलगद काढून घेतला, टेबलावर दिव्याखाली एका वाटीवर ठेवला आणि वर भिंग धरून बसले.

“काढा पटकन,” मी म्हणाले. “आम्ही निघतो.”

“पटकन नाही निघणार. सोल्यूशन ओलं आहे. आत्ता ओढला तर आट्यांमधे रबर जाईल. सुकू दे, मग पापुद्रा निघेल आणि स्क्रू मोकळा होईल.”

“किती वेळात?”

“दोन तास.”

“आजोबा, मॅच या चेंडूने आहे. चेंडू आमचा आहे.”

“मुलं जाऊ देत की,” बाबा म्हणाले. “मुलांना कोण अडवतंय? चेंडू तेवढा राहू दे.”

“चेंडूशिवाय जाऊन काय करायचं तिथे?”

“धावायचं,” काका म्हणाले. “व्यायाम तोही.”

शंकाने हात वर केला होता. तो खाली नव्हताच, पण आता त्याने तो हलवला. “आजोबा, असा दुसरा स्क्रू मिळत नाही का?”

“मिळतो की,” आजोबा म्हणाले. “डबीत डझनभर आहेत.”

मी त्यांच्याकडे बघितलं. मग डबीकडे. ती टेबलावरच होती, हाताच्या अंतरावर, झाकण उघडं.

“मग एक लावा ना.”

“असं कसं?” आजोबा समजावणीच्या सुरात म्हणाले. “साहेबांच्या घड्याळातून निघालेला स्क्रू साहेबांच्याच घड्याळात गेला पाहिजे. सत्तेचाळीस वर्षं मी कुणाचा तुकडा बदलून दिलेला नाही.”

“मला चालेल हो दुसरा,” साहेब खुर्चीतून क्षीणपणे म्हणाले.

“तुम्हाला चालेल,” बाबा म्हणाले, “आम्हाला नाही चालत.”

आता हे खरं सांगते, आजोबांच्या त्या वाक्याने क्षणभर मला भरून आलं. सत्तेचाळीस वर्षं. गावात एवढं एकच माणूस असेल, ज्याच्याकडे गेलेली वस्तू तशीच्या तशी परत येते. पण समोर सहा मुलं उभी होती, ओठांवर पाण्याच्या मिशा, आणि भिंगरीचा पाय अजून नीट टेकत नव्हता. तिने आल्या आल्या बघितलं होतं. सुरुवातीपासून सांगत होती. आम्ही तिघांनी मिळून तिला तीनदा गप्प केलं होतं, आणि त्यातल्या एका वेळी मी होते.

“नाही,” मी म्हणाले.

“काय नाही?” बाबांनी विचारलं.

“चेंडू राहणार नाही. आम्ही जाणार आणि चेंडू जाणार. स्क्रू त्याला चिकटलाय, तोही येईल आणि परत येईल. आणि आला नाही, तर साहेबांना डबीतला लावा, त्यांना चालतोय. पंचेचाळीस मिनिटं घरातली माणसं, सहा मुलं आणि एक साहेब एका जागी उभे केलेत, आणि ज्या मुलीला तो दिसत होता तिला बोलू दिलं नाहीत. मीही नाही दिलं, ते माझं मी बघेन. पण इथून पुढे तुम्ही ‘पडलं’ म्हणालात की मी थांबणार नाही. फरशी बघून, पाय जपून टाकेन, पण चालेन. आणि त्या चौकोनात मी बसणार नाही. सुताराला सांगून टाका.”

काकांचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. बाबांनी आजोबांकडे बघितलं. आजोबांनी भिंग डोळ्यावरून खाली घेतलं. आई ट्रे छातीशी धरून भिंतीकडे बघत होती, आणि तिच्या तोंडाच्या कोपऱ्यात जे काही होतं ते मला तेव्हा नीट वाचता आलं नाही. एकोणीस घड्याळं टिकटिकत होती. आयुष्यात पहिल्यांदा त्या खोलीत माझ्या बोलण्यानंतर शांतता झाली.

“चला,” मी मुलांना म्हणाले, आणि ताठ मानेने बाहेर पडले. मागे वळून बघितलं नाही. अशा वेळी बघायचं नसतं.

गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत मी अशा तोऱ्यात गेले की समोरून येणाऱ्या पोस्टमनने सायकल बाजूला घेतली.

“ताई,” कॅप्टन माझ्या शेजारून धावत म्हणाली, “चेंडू?”

“हा काय,” मी म्हणाले, आणि खाली बघितलं.

माझे दोन्ही हात पोटासमोर गोल धरलेले होते. पाऊण तास एकाच जागी राहून ते तसेच आखडले होते. मधे काहीही नव्हतं. आजोबांनी चेंडू काढून घेतल्यापासून मी ते सगळं भाषण हवेला मिठी मारून केलं होतं.

पोचलो आम्ही. तेवढं सांगून टाकते, म्हणजे जीव टांगणीला नको. चार वाजून नऊ मिनिटांनी सहाही मुलं रेघेवर उभी होती, पंचांच्या हातातलं घड्याळ मी स्वतः बघितलं. अकरा मिनिटांत हरलो. माझ्या ठिगळातून हवा गेली आणि शेवटचे दोन डाव उशीसारख्या चेंडूने खेळावे लागले. स्क्रू मात्र जागचा हलला नाही, तो काढायला आजोबांना पुढे दोन दिवस लागले. भिंगरी शेवटपर्यंत बाद झाली नाही. मुख्याध्यापिका म्हणाल्या, “आलात ना, झालं.” कायम केल्याचा कागद सोमवारी मिळाला.

पण त्याआधी त्या कोपऱ्यावरून मला एकटीला परत घरी जावं लागलं. मुलांना म्हटलं, तुम्ही पुढे व्हा, मी गाठते.

खोलीत सगळे मी सोडून गेले तसेच होते. कुणी हललं नव्हतं, आणि या वेळी तर कुणी ‘पडलं’ असंही म्हणालं नव्हतं. मी मान खाली घालून टेबलापाशी गेले. वाटीवरून चेंडू उचलायला हात सरळ होईनात, म्हणून तो कोपरांनी उचलला. आजोबांनी एका बोटाने वाटी धरून ठेवली, नाहीतर तीही आली असती. मग दारापाशी पोचल्यावर मला वाटलं, आता काहीतरी बोलायला हवं.

“नाही,” मी म्हणाले. मघाचा नकार चेंडूशिवायच बाहेर जाऊन आला होता, म्हणून पुन्हा दिला. खरं तर या खेपेला मला कुणी काही विचारलंच नव्हतं.